जपानमधील तरुण मॉर्मन मिशनरी: ते काय शिकवतात आणि त्यांना काय अनुभव येतात?

वैनतेय (नागोया)

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही उभयता काही वर्षांपासून नागोया येथे राहतो. शेजारच्या सत्तरीच्या आजी दर आठवड्याला जवळच्या एका चर्चमधील विनामूल्य इंग्रजी संभाषणवर्गाला जातात आणि सोबत हवी म्हणून त्यांनी माझ्या पत्नीलाही तेथे नेण्यास सुरुवात केली. हा वर्ग चालवणारी दोन अमेरिकन मुले पांढरा सदरा, टाय आणि खिशावर काळी नावपट्टी अशा वेशात सायकलवरून फिरताना आम्हाला पूर्वीही दिसत असत. ती ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या, सर्वसाधारणपणे मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाची मिशनरी आहेत, हे आता समजले. त्यांपैकी आयडाहोचा मुलगा अवघा वीस वर्षांचा आहे. त्याचे जपानी आमच्याहून पुष्कळ चांगले आहे आणि तो आजींशी ज्या अदबीने बोलतो, ते पाहून आम्हाला त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागली आहे.

आता या दोघांनी आमच्या घरी येऊन आपल्या श्रद्धेविषयी सांगण्याची इच्छा व्यक्त केली आहे. आम्हाला धर्म बदलायचा नाही आणि तसा विचार पुढेही होणार नाही. परंतु ज्याचे महाविद्यालयीन शिक्षणही पूर्ण झालेले नाही असा मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या तिप्पट वयाच्या माणसांना ईश्वर, मृत्यू आणि कुटुंब यांविषयी काय शिकवतो, आणि बहुतेक दारे बंद होत असताना दोन वर्षे टिकून कसा राहतो, हे जाणून घेण्याची मनापासून इच्छा आहे. ज्यांचा अशा मुलांशी निकटचा परिचय आहे, त्यांनी कृपया लिहावे. धर्मांतराचा विचार नसताना त्यांना घरी बोलावणे म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणे ठरेल का, याविषयीही मत द्यावे.

अनुराधा (सॉल्ट लेक सिटी)

मी ज्या शहरात राहते, तेथेच या चर्चचे मुख्यालय आहे, त्यामुळे माझ्या कार्यालयात मिशन पूर्ण करून आलेली माणसे जागोजागी भेटतात. माझा एक सहकारी होक्काइदोमध्ये, म्हणजे साप्पोरो मिशनमध्ये, दोन वर्षे होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही या विषयावर अनेकदा बोललो आहोत. पुढील मजकूर बराचसा त्याच्याकडून ऐकलेला आहे आणि तो येथे लिहिण्यास त्याची संमती आहे.

आधी व्यवस्थेविषयी थोडेसे. मुलगे 24 महिने जातात आणि मुली 18 महिने. 2012 मध्ये मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 करण्यात आले, तेव्हापासून शाळा संपताच निघणाऱ्यांची संख्या फार वाढली. कोठे जायचे हे अर्जदार ठरवत नाही. अर्ज करायचा आणि मुख्यालयातून ज्या ठिकाणाचे नाव येईल तेथे जायचे. पगार मिळत नाही, उलट खर्चाचा ठरावीक वाटा तो मुलगा किंवा त्याचे कुटुंब दरमहा भरते. जपानला जाणाऱ्यांना युटामधील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात साधारण दोन महिने भाषा आणि शिकवण्याची पद्धत शिकवली जाते. त्यानंतर प्रत्येकाला एक सोबती नेमून दिला जातो आणि या सोबत्याला सोडून एकट्याने कोठेही जायचे नसते. पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, असे. फेब्रुवारी 2019 पासून ती आठवड्यातून एकदा मिळते. माझा सहकारी त्याआधीच्या काळातला आहे.

पहिल्या काही महिन्यांविषयी त्याने सांगितलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याला जपानी बोलता येत होते, पण ऐकू येत नव्हते. प्रशिक्षण केंद्रात पाठाची वाक्ये पक्की झाली होती, त्यामुळे न अडखळता तो बरेच काही सांगू शकत असे. समोरचा मनुष्य काय उत्तर देतो, हे मात्र त्याला कळत नसे. असाहिकावामध्ये एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना थंडीत कुडकुडताना पाहून आत बोलावले. या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला चौदा वर्षांचा असताना 1820 मध्ये रानात प्रार्थना करताना देव आणि ख्रिस्त यांचे दर्शन कसे झाले, हा प्रसंग तो सांगत असताना त्या गृहस्थांनी मध्येच एक प्रश्न विचारला. याने हसून होकार दिला आणि पाठ पुढे चालू ठेवला. बाहेर बर्फात आल्यावर ज्येष्ठ सोबत्याने त्याला सांगितले की त्या गृहस्थांनी विचारले होते, ‘एवढ्या लहान वयात तू इतक्या दूर आलास, तुझ्या आईला रात्री झोप येते का?’ त्या दिवसापासून त्याने पाठ सुरू करण्यापूर्वी समोरच्या माणसाला बोलू देण्याची सवय लावून घेतली. त्याच्या मते त्याचे खरे शिक्षण तेथून सुरू झाले.

दुसरी अडचण अशी की मॉर्मन पाठांची रचना बायबल माहीत असलेल्या माणसाला समोर ठेवून झालेली आहे. ख्रिस्ताची मूळ मंडळी, म्हणजे त्याचे मूळ चर्च, काळाच्या ओघात भ्रष्ट झाली आणि 1830 मध्ये जोसेफ स्मिथने ती पुनःस्थापित केली, हा पहिल्या पाठाचा गाभा. अमेरिकेतील किंवा ब्राझीलमधील श्रोत्याला हा दावा पटो वा न पटो, तो कशाविषयी आहे हे तरी समजते. होक्काइदोमधील श्रोत्याला मूळ मंडळीच ठाऊक नसते, मग तिच्या पुनःस्थापनेचे त्याला काय वाटणार? त्यामुळे त्यांना मागे जावे लागे: या जगाला कोणी पिता आहे का, तो आपले ऐकतो का, प्रार्थना म्हणजे नेमके काय करायचे. साठीच्या एका शाळामास्तरांना प्रार्थना कशी करायची हे त्याने शिकवले, तेव्हा त्यांनी वही काढून पायऱ्या लिहून घेतल्या आणि पुढच्या भेटीत, प्रार्थना करून पाहिली पण काही जाणवले नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले. यावर काय बोलावे हे पाठात कोठेही दिलेले नव्हते.

ज्या विषयावर मात्र मने सहज जुळत, तो म्हणजे पूर्वज. मॉर्मन लोक वंशावळी अतिशय कसोशीने जतन करतात, कारण दिवंगत पूर्वजांच्या वतीने जिवंत माणसाला मंदिरात बाप्तिस्मा घेता येतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे परलोकातील आत्मा ठरवतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. जपानी घरात बुत्सुदान, म्हणजे पूर्वजांचा देव्हारा असतो. आपल्याकडे पितरांना जसे पान वाढतात, तसा तेथे ताज्या भाताचा पहिला घास ठेवला जातो. एका विधवा बाईंनी तो भात ठेवता ठेवता याला विचारले, ‘तुमच्या धर्मात गेले तर मला हे बंद करावे लागेल का?’ त्याने आपल्या मिशनच्या अध्यक्षांना विचारून पुढच्या आठवड्यात उत्तर दिले की पतीचे स्मरण आणि आदर सोडण्याची गरज नाही, परंतु उपासना मात्र एकाच देवाची करावी लागेल. बाईंनी विचार केला आणि बाप्तिस्मा न घेण्याचे ठरवले. मात्र त्यांनी या दोघांना जेवायला बोलावणे थांबवले नाही आणि आजही त्यांचे नववर्षाचे पत्र त्याला येते.

दोन वर्षांत त्याच्याकडून बाप्तिस्म्यापर्यंत आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणून असे आहे: त्यांना जरूर बोलवा. आपला हेतू आधी सांगितला तर वेळ वाया जात नाही, कारण त्यांच्या दिवसाचा बराचसा भाग कोणीही काही न ऐकता दार लावून घेण्यात जात असतो.

तर्कदीप

अनुराधाताईंनी जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि त्या मुलाच्या सचोटीविषयी मला शंका नाही. परंतु येथे केवळ एका मुलाची सचोटी पाहून चालणार नाही. ही मुले ज्या संस्थेच्या वतीने येतात, तिला बाप्तिस्म्यांची संख्या हवी असते आणि त्या संख्येचा ताण याच अठरा-वीस वर्षांच्या मुलांवर येतो. 1960 च्या सुमारास ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना बेसबॉल खेळायला बोलावून, त्यांना धर्म धड कळण्यापूर्वीच बाप्तिस्मा देण्याचे प्रकार इतके झाले की या पंथाच्या इतिहासात ते ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांपैकी बहुतेक मुले पुढे चर्चमध्ये फिरकलीच नाहीत. विनामूल्य इंग्रजी वर्गाकडे मी याच दृष्टीने पाहतो: तेथे येणारा मनुष्य भाषेसाठी येतो आणि शिकवणारा मात्र दुसऱ्याच एका हेतूने उभा असतो. हा हेतू लपवला जात नाही हे मान्य, पण एकाकी वृद्धांच्या बाबतीत आपुलकी आधी आणि अटी नंतर, असा क्रम लागतो, तो मला खटकतो. उत्पन्नाचा दशांश द्यावा लागेल आणि चहा, कॉफी, मद्य, तंबाखू सोडावे लागतील, हे बाप्तिस्म्यापूर्वी सांगितले जाते हे खरे. पण तोपर्यंत त्या माणसाला या मुलांची सवय झालेली असते आणि नाही म्हणणे अवघड जाते.

जपानमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक आहे. 1995 मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला, तेव्हापासून दारात आलेल्या कोणत्याही नव्या पंथाकडे लोक भीतीने पाहतात. जुलै 2022 मध्ये शिंझो आबे यांची हत्या झाली, तेव्हा आपल्या आईने युनिफिकेशन चर्चला प्रचंड देणग्या दिल्यामुळे कुटुंब उद्ध्वस्त झाले, असे मारेकऱ्याने सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानच्या संसदेने दडपणाने देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा केला. मॉर्मन चर्चचा या दोन्ही पंथांशी काहीही संबंध नाही, आणि त्यांच्यामुळे या मुलांना जे सोसावे लागते तो अन्यायच आहे. तरीही वैनतेय यांनी शेजारच्या आजींचा विचार अवश्य करावा. तुम्ही दोघे नाही म्हणू शकता. आजींना ते तितकेच सोपे जाईल का, हे पाहायला हवे.

दप्तरखाना

चर्चा रंगली आहे, म्हणून थोडा इतिहास जोडतो, कारण वैनतेय यांच्या ‘टिकतो कसा’ या प्रश्नाला त्यात एक जुने उत्तर सापडते.

जपानमध्ये पहिले चार मॉर्मन मिशनरी 12 ऑगस्ट 1901 रोजी योकोहामा बंदरात उतरले. त्यांचे प्रमुख हीबर जे. ग्रँट होते आणि सर्वांत धाकटा होता ऑल्मा टेलर, ज्याला एकोणीस वर्षे पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. चौघांपैकी एकालाही जपानी येत नव्हते. पहिला बाप्तिस्मा मार्च 1902 मध्ये झाला, तो हाजिमे नाकाझावा नावाच्या एका शिंतो पुरोहिताचा. ग्रँट दोन वर्षांनी परतले. टेलर मात्र साडेआठ वर्षे राहिला. या काळात त्याने मॉर्मन ग्रंथाचे, म्हणजे बायबलच्या जोडीने हा पंथ मानतो त्या धर्मग्रंथाचे, जपानी भाषांतर केले, आणि ज्या रीतीने केले ती पाहण्यासारखी आहे. आधी त्याने बोलीभाषेत सुरुवात केली. धर्मग्रंथाला ती भाषा शोभणार नाही असे जाणकारांनी सांगितल्यावर केलेले काम पुन्हा ग्रांथिक शैलीत उतरवले. आणि परकीयाच्या हातून राहिलेले दोष जावेत म्हणून मजकूर जपानी विद्वानांकडून तपासून घेतला. त्यांत इकुता चोको हे होते, ज्यांनी पुढे नीत्शेचा ‘जरथुष्ट्र’ जपानीत आणला. 1909 मध्ये ग्रंथ छापून झाला आणि 1910 च्या आरंभी टेलर मायदेशी गेला. एकोणिसाव्या वर्षी आलेला मुलगा सत्ताविसाव्या वर्षी परतला, तेव्हा त्याच्या तारुण्याचा सारा काळ एका भाषेला दिलेला होता.

आणि एवढे करूनही 1924 पर्यंतच्या तेवीस वर्षांत एकूण बाप्तिस्मे दोनशेच्या आतच राहिले. 1923 चा महाभूकंप, 1924 च्या अमेरिकी कायद्याने जपानी लोकांना घातलेली स्थलांतरबंदी, त्यातून उसळलेला रोष आणि हे तुटपुंजे यश पाहून मिशन बंद करण्यात आले. तो निर्णय घेणारे चर्चचे तत्कालीन अध्यक्ष हीबर जे. ग्रँटच होते. मिशन पुन्हा सुरू झाले ते 1948 मध्ये, आणि 1980 मध्ये टोकियोत आशियातील पहिले मॉर्मन मंदिर उभे राहिले. संख्येच्या मापाने पाहिले तर टेलरची साडेआठ वर्षे निष्फळ म्हणावी लागतील. मला तसे म्हणवत नाही, कारण युद्धानंतर आलेल्या मिशनऱ्यांच्या हाती जपानीतला ग्रंथ होता तो त्याच्यामुळे.

महाराष्ट्राचाही एक धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. 1852 मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत आला आणि तेथून पुण्याच्या लष्करी छावणीत गेला. तेथे त्याने एक लहानशी मंडळी उभी केली, पण छावणीतील अधिकाऱ्यांचा विरोध त्याला सतत सोसावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चर्चने बहुपत्नीत्वाचे जाहीर समर्थन केले, त्यामुळे उरलीसुरली सहानुभूतीही आटली. 1856 पर्यंत त्या वेळचे मिशनरी हिंदुस्थानातून निघून गेले. आधुनिक काळात बंगळुरू येथे 1993 मध्ये मिशन स्थापन झाले, आणि भारतात आज काम करणाऱ्यांत भारतीय तरुण-तरुणींचा भरणा मोठा आहे.

अनुराधा (सॉल्ट लेक सिटी)

तर्कदीप, तुमचा आजींविषयीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. संख्येच्या ताणाविषयीही मी वाद घालणार नाही. माझ्या सहकाऱ्यालाही दर आठवड्याला आकडे कळवावे लागत, आणि त्या आकड्यांत ‘बाईंनी विचारपूर्वक नकार दिला’ यासाठी रकाना नव्हता, याची त्याला आजही खंत आहे.

मात्र एक बदल नोंदवायला हवा. तुम्ही सांगितलेल्या ब्रिटनमधील प्रकारांच्या काळात जगभर एकच ठरावीक संवाद वापरला जात असे: मिशनऱ्याने अमुक वाक्य म्हणायचे, श्रोत्याने अमुक उत्तर देणे अपेक्षित, मग पुढचे वाक्य. पुढे पाठ बदलले, तरी घोकंपट्टी दीर्घकाळ टिकून राहिली. 2004 मध्ये नवी मार्गदर्शिका आली आणि आशय ठरलेला ठेवून शब्द, क्रम व उदाहरणे मिशनऱ्याने समोरच्या माणसाला पाहून स्वतः निवडावीत, असा नियम झाला. याने संख्येचा दबाव संपला, असे मी म्हणत नाही. परंतु घोकलेले वाक्य म्हणणाऱ्या मुलाला श्रोत्याच्या उत्तराची गरज नसते, स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्याला ते ऐकावेच लागते, आणि एकदा ऐकायला लागलेल्या मुलाला समोरच्या वृद्ध बाईंची घालमेलही दिसू लागते. सगळ्यांनाच ती दिसते असे नाही. वैनतेय यांच्या वर्णनावरून आयडाहोच्या मुलाला ती दिसत असावी.

वैनतेय (नागोया)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजींशी काल सविस्तर बोललो. वर्गात त्यांना धर्माविषयी एकदाच विचारले गेले होते. त्यांनी नको म्हटल्यावर पुन्हा विषय निघाला नाही, हे ऐकून बरे वाटले. आम्ही दोघांना जेवायला बोलवायचे ठरवले आहे. त्यांच्या नियमांविषयी कोणी सांगितले तर आमच्याकडून अनवधानाने त्यांची अडचण होणार नाही.

शाल्मली (योकोहामा)

आमच्याकडे ही मुले अनेकदा जेवून गेली आहेत, म्हणून लिहिते. घरी तुमच्या पत्नी एकट्याच असतील अशी वेळ देऊ नका. घरात दुसरा प्रौढ पुरुष नसेल तर नियमानुसार ती आत येणार नाहीत आणि दारातूनच परत जातील. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत त्यांना मुक्कामी पोहोचायचे असते, तेव्हा जेवण सहा-साडेसहाला ठेवावे. चहा आणि कॉफी चालत नाही, आणि त्यात जपानी हिरवा चहाही येतो; चर्चने 2019 मध्ये हे स्पष्टच केले आहे. जवाचा थंड चहा, म्हणजे मुगिचा, चालतो. आमच्याकडे ताक आणि कोकम सरबत त्यांना फार आवडले. मांसाहाराची अपेक्षा नसते; दिवसभर सायकल चालवून आलेली असल्यामुळे पोळ्या मात्र जास्त कराव्यात.

बसल्यावर आपला विचार पहिल्या पाच मिनिटांतच सांगा. शेवटी ती एकत्र प्रार्थना करू का, असे विचारतील, ग्रंथाची प्रत देतील आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवू पाहतील, कारण त्यांना तसे शिकवलेले असते. यांपैकी जे नको असेल ते सरळ नको म्हणावे. माझ्या अनुभवात त्यांनी कधी वाईट वाटून घेतलेले नाही. आम्ही प्रार्थनेच्या वेळी शांत बसतो आणि ग्रंथ ठेवून घेतला आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. साधारण दर सहा आठवड्यांनी त्यांच्या बदल्यांचा निर्णय येतो आणि नाव आले की काही दिवसांतच सामान आवरून दुसऱ्या गावी जावे लागते. पुढचा निर्णय केव्हा आहे हे त्या मुलाला माहीत असते, त्यालाच विचारा आणि त्याच्या आधीचा आठवडा ठरवा.